चहा कडक हवा, काढा नको

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अडतीस वर्षांच्या एक बाई दवाखान्यात आल्या. घरी शिवणकाम करतात, घर सांभाळतात. तक्रार नेहमीचीच. दिवसभर थकवा, जिना चढला की धाप, संध्याकाळी पायात गोळे. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. खरे तर तीन महिन्यांपूर्वीच त्यांना मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ होते. पुन्हा तपासले तर ८.७ निघाले. तीन महिने गोळ्या आणि वाढ फक्त दोन दशांशाची!

मी जरा रागावूनच विचारले, "ताई, गोळ्या घेतल्याच नाहीत ना?"

बाई दुखावल्या. म्हणाल्या, "रोज घेऊन राहिली ना जी. एक दिवस चुकवली नाही. सकाळच्या चहासोबत घेते, म्हणजे विसरत नाही."

चूक त्यांची नव्हती, माझी होती. चिठ्ठीवर मी 'रोज एक' एवढेच लिहिले होते. कशासोबत घ्यायची नाही, हे सांगितलेच नव्हते. दवाखान्याबाहेर चाळीस माणसे बसलेली असतात तेव्हा अशा चुका होतात, पण ही काही सबब नव्हे. मग मी त्यांना समोर बसवून त्यांच्या चहाचा सगळा इतिहास विचारला. सकाळी सहाला गंजभर चहा मांडतात. पहिली वाटणी नवरा आणि सासूबाईंची. उरलेला तसाच ओट्यावर, पत्तीसकट. नऊला तो पुन्हा गरम होतो, अकराला पुन्हा. दुपारी मशीनवर बसले की जेवण मागे पडते, त्याऐवजी चहा आणि टोस्ट. जेवल्यानंतर "तोंड बरे व्हावे" म्हणून अर्धा कप. असे दिवसाचे सहा कप. "आमच्या घरी कडकच लागतो," हे त्यांनी थोड्या अभिमानाने सांगितले. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी हात जोडले, "बाकी काहीही सांगा डॉक्टरसाहेब, चहा सोडायचं तेवढं सांगू नका जी."

मी ते सांगितले नाही. आणि या स्तंभाच्या वाचकांनाही सांगणार नाही. चहा सोडा असे सांगणे सोपे असते, पण ते कोणी ऐकत नाही. माझ्या पंचवीस-तीस वर्षांच्या व्यवसायात चहा सोडा म्हटल्यावर सोडलेले रुग्ण एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातले दोघे नंतर टपरीवर भेटले. शिवाय मला स्वतःला चहा आवडतो, आणि तो कडकच आवडतो. माझे भांडण चहाशी नाही. आपण चहाचा जो काढा करतो त्याच्याशी आहे, आणि तो ज्या वेळी पितो त्या वेळेशी आहे.

हा काढा आपल्या घरात आला कसा, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या आजी-पणजीच्या माहेरी चहा नव्हता. आसामात इंग्रजांनी चहाची लागवड सुरू केली ती १८३० च्या दशकात, आणि तो चहा विलायतेला जात असे. येथल्या माणसाने चहा प्यावा म्हणून जोराचे प्रयत्न झाले ते विसाव्या शतकात. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला. त्या पैशातून पुढे १९३० च्या दशकात देशभर प्रचाराची मोठी मोहीम निघाली. रेल्वे स्टेशनांवर, बाजारात, घरोघर जाऊन चहा कसा करायचा ते करून दाखवीत. ती शिकवण अशी होती की पाणी उकळायचे, किटलीत पत्ती घालायची, वरून ते पाणी ओतायचे, झाकण ठेवायचे आणि थांबायचे. पण पत्ती महाग होती. आपल्या विक्रेत्याने शहाणपणा केला. पत्ती कमी, दूध-साखर जास्त, आणि कमी पत्तीतून रंग निघावा म्हणून उकळ्यावर उकळ्या. प्रचारकांना हे मुळीच पसंत नव्हते. पण गिऱ्हाइकाला पसंत पडले, आणि तीच रीत घराघरात गेली. म्हणजे आज ज्याला आपण 'आपला अस्सल कडक चहा' म्हणतो, त्याच्या मुळाशी पत्ती वाचवण्याची काटकसर आहे!

आपल्या शेजारच्या वर्ध्याची, सेवाग्रामच्या महात्म्याची साक्षही येथे काढायला हवी. गांधीजींनी 'आरोग्याची चावी' हे छोटे पुस्तक १९४२ नंतर आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिले. त्यात चहाविरुद्ध प्रकरण आहे हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच प्रकरणात ते म्हणतात की गाळणीत थोडी पत्ती ठेवून वरून उकळते पाणी ओतले आणि पाणी सोनेरी उतरले, तर त्या चहाने अपाय होत नाही. त्यांचा राग होता तो आपण नेहमी करतो त्या चहावर. टॅनिनने कातडे कमावतात, तसेच ते पोटाच्या आतल्या अस्तराचे करते, असे ते लिहितात. वैद्यकाच्या दृष्टीने ही उपमा मला पटत नाही. पोटाचे कातडे होत नाही. चहातली द्रव्ये कातडे कमावण्याच्या टॅनिनपेक्षा वेगळी आहेत. पण ओतलेला चहा आणि उकळलेला चहा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ही त्यांची मूळ पकड अचूक होती.

आता पत्तीकडे वळू. कडकपणा कशात असतो? बहुतेकांचे उत्तर 'रंगात' असे येते. ते अर्धवट खरे आहे. चांगल्या चहात तरतरी आणणारे कॅफीन असते, तोंडाला पकड देणारी पॉलिफेनॉल जातीची द्रव्ये असतात आणि सुगंध असतो. कॅफीनचा बहुतांश भाग पहिल्या चार-पाच मिनिटांतच पाण्यात उतरतो. सुगंधही पहिल्या काही मिनिटांत येतो आणि पुढे उकळत राहिलात तर वाफेबरोबर उडून जातो. नंतर पाण्यात काय उतरत राहते? तुरट-कडू भाग. म्हणजे दहा मिनिटे उकळलेला चहा पाच मिनिटांच्या चहापेक्षा फारशी जास्त तरतरी देत नाही. तो फक्त जास्त कडू असतो. कडू झाला म्हणून साखर वाढवावी लागते, आणि तुरटपणा लपवायला दूध वाढवावे लागते. उकळीची किंमत आपण अशी साखरेत मोजतो. मधुमेहाचे कित्येक रुग्ण मला सांगतात, "साखर कमी केली तर आमचा चहा गिळवत नाही." कसा गिळवेल? तो आधी दहा मिनिटे खदखदलेला असतो.

जे लोक चहाची चव घेऊनच पोट भरतात, ते चहापारखी काय करतात पाहा. चव पाहण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले आहे. १०० मिलिलीटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, उकळते पाणी वरून ओतायचे, झाकण, आणि सहा मिनिटे. चांगला कडक चहा असा होतो. त्यात खदखदवणे कुठेच नाही.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की पत्ती थोडी जास्त आणि चांगली घ्या, उकळी कमी करा.

चांगली म्हणजे कोणती? आपल्याकडे जो दाणेदार चहा मिळतो, बाजारात ज्याला काही जण ममरी म्हणतात, तो सीटीसी पद्धतीचा. पान चिरडायचे, फाडायचे आणि वळवायचे, असे हे यंत्र आसामात १९३० च्या दशकात आले. देशातला ऐंशी टक्क्यांहून अधिक चहा आज याच पद्धतीने होतो. दाणा बारीक आणि पान आतून फाटलेले असल्यामुळे तो झपाट्याने उतरतो. लक्षात घ्या, हा चहा मुळातच लवकर उतरावा म्हणून बनवलेला आहे, आणि नेमका तोच आपण सर्वांत जास्त वेळ उकळतो. दुसरा प्रकार लांब वळलेल्या पानांचा, ज्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात. दार्जिलिंगचा चहा या जातीचा. तो दुधात उकळणे म्हणजे पैसे चुलीत घालणे. दूध घालून कडक प्यायचा असेल तर आसामचा सीटीसी घ्यावा. आसामात मे-जूनच्या सुमाराला जी दुसऱ्या बहराची खुडणी होते, तिचा चहा अंगाने भारी आणि चवीने भरलेला असतो. निलगिरीचा चहा त्यामानाने हलका आणि सुवासिक. कित्येक दुकानदार दोन्हींचे मिश्रण करून देतात, ते चांगले लागते.

पोत्यावर किंवा पुड्यावर बीओपी, बीपी, ओएफ, पीएफ, डस्ट अशी अक्षरे असतात. ही दाण्याच्या आकाराची नावे आहेत, गुणवत्तेची नव्हेत. बीओपी म्हणजे ब्रोकन ऑरेंज पिको. आपण नागपूरकर 'ऑरेंज' वाचून खूश होऊ नये, यात संत्र्याचा काहीएक संबंध नाही. दाणा जितका बारीक, तितका चहा लवकर आणि गडद उतरतो. हॉटेलवाले डस्ट वापरतात ते यामुळेच. घरासाठी मध्यम दाण्यात थोडी बारीक मिसळलेली मला सर्वांत सोयीची वाटते.

इतवारीच्या किराणा बाजारात सुटा चहा घेणारे पुष्कळ आहेत. सुटा म्हणजे वाईट असे माझे मुळीच मत नाही. ज्याचा माल रोज खपतो अशा दुकानातला सुटा चहा, कोपऱ्यावर आठ महिने पडून राहिलेल्या पुड्यापेक्षा चांगला असतो. पण पाहून घ्या. चिमूटभर तळहातावर घ्या. दाणा काळसर-तपकिरी, थोडा तकाकी असलेला, एकसारखा हवा. लालसर काड्या आणि तंतू जास्त दिसले तर माल हलका. चिमटीत दाबल्यावर कुरकुरून तुटला पाहिजे. दबला तर ओल धरलेली आहे. तळहात तोंडाजवळ नेऊन एक गरम श्वास सोडा आणि वास घ्या. चांगल्या चहाचा वास तेव्हा उघडतो. आणि घरी केल्यावर गाळणीतला चोथा पाहायला विसरू नका. चांगल्या पत्तीचा चोथा तांब्याच्या रंगाचा असतो. काळा-राखी निघाला तर पुढच्या वेळी दुकान बदला.

भेसळीचा प्रश्न गंभीर आहे. एकदा वापरलेली पत्ती वाळवून, रंग देऊन विकण्याचे प्रकार आपल्या देशात अनेकदा पकडले गेले आहेत. घरच्या घरी तपासता येते. पांढरा टिपकागद घ्या, त्यावर पत्ती पसरा, थोडे पाणी शिंपडून कागद ओला होऊ द्या. पत्ती काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. शुद्ध चहाचा डाग राहत नाही. पिवळा, गुलाबी, लाल डाग राहिला तर त्यात रंग आहे. लोखंडाचा कीस मिसळला आहे का हे पाहायला साधे लोहचुंबक पत्तीवरून फिरवा. डाग निघाला तर दुकानदाराशी भांडण्यात वेळ घालवू नका. अन्न व औषध प्रशासनाकडे नमुना आणि पावतीसह तक्रार करा. म्हणून पावती घ्या. सुट्या मालाची पावती कोणी मागत नाही, ही आपली जुनी सवय आहे.

चहा वास फार लवकर ओढून घेतो. हिंग, मसाला, उदबत्ती यांच्या शेजारी ठेवू नका. घट्ट झाकणाचा कोरडा डबा आणि एका वेळी पंधरा दिवसांची पत्ती. काचेच्या बरणीत घालून खिडकीत मांडलेला चहा दिसायला सुंदर, चवीला बेकार.

पाण्याबद्दल एक शब्द. नळाचे पाणी असेल तर प्रश्न नाही. पण बोअरच्या जड पाण्यात चहा मातकट दिसतो, वर साय आल्यासारखा तवंग येतो, आणि मग गृहिणी रंगासाठी उकळत राहते. अशा घरी पिण्याच्या गाळलेल्या पाण्यात एकदा चहा करून पाहा. पत्तीचा दोष समजून पत्ती बदलत बसलेली घरे मला माहीत आहेत.

आता करायचा कसा? एका कपाला एक लहान चमचा सपाट भरून पत्ती, म्हणजे साधारण दोन ते अडीच ग्रॅम. फार कडक हवा असेल तर दीड चमचा. पाणी आधी खळखळून उकळू द्या. आले किंवा गवती चहा घालायचा असेल तर तो या पाण्यात उकळा, त्याला उकळीची गरज असते. मग पत्ती घाला, गॅस बंद करा, झाकण ठेवा आणि घड्याळात तीन ते चार मिनिटे मोजा. दूध शेजारी वेगळे गरम करा. गाळा आणि दूध मिसळा. "असा चहा आम्हाला पांचट लागतो" म्हणणाऱ्यांसाठी तडजोड अशी की पत्ती उतरल्यावर दूध घालून एकच उकळी येऊ द्या आणि लगेच गाळा. गाळणे महत्त्वाचे. पत्तीसकट ठेवलेला चहा गॅस बंद असतानाही कडू होत जातो. पुन्हा गरम करण्याची सवय तर मोडूनच काढा. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात दूध घातलेला चहा तासन् तास ओट्यावर ठेवणे म्हणजे जंतूंना पंगत घालणे.

आणि फुंकर घाला. पासष्ट अंशांपेक्षा अधिक गरम पेये नेहमी पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाची शक्यता वाढते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले. आपली बशी याबाबतीत शहाणी होती. बशीतून पिणे गावंढळ ठरवून आपण काय मिळवले कोण जाणे! टपरीवरून पन्नीत बांधून आणलेल्या उकळत्या चहाबद्दल मी जास्त लिहीत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी ऑफिसांतून चहा पन्नीतच येतो. स्टीलची किटली पाठवा.

पण एवढे सगळे करूनही चहाची वेळ चुकली तर बिघडते, आणि त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचे नेमके तेच झाले होते. आपल्या जेवणातले लोह मुख्यतः ज्वारी, डाळी आणि पालेभाज्यांतून येते. हे लोह मुळातच शरीर कष्टाने शोषून घेते. चहातली पॉलिफेनॉल द्रव्ये आतड्यात या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात न जाता तसेच बाहेर पडते. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी ब्रेड, तसेच भात आणि कांदा-बटाट्याचे सूप असे साधे जेवण देऊन मोजले. सोबत चहा घेतला तेव्हा लोहाचे शोषण निम्म्याहूनही खाली आले. लोहाच्या क्षारांवर, म्हणजे आपल्या गोळीत असते त्या प्रकारच्या लोहावरही, तोच परिणाम दिसला. पुढे अनेक ठिकाणी हे पडताळले गेले. दूध घातल्याने यात फारसा फरक पडत नाही. पण वेळेने पडतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले की नुकसान पुष्कळ कमी होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही जेवणापूर्वी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा, असे स्पष्ट म्हटले आहे. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको, असेही त्यात आहे. एका कप चहात ते साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. म्हणजे आमच्या बाईंचे सहा कप सीमेवरच होते. गरोदर स्त्रियांनी तर दोन कपांवर थांबावे, असे मी सांगतो.

हा विषय मी इतका ताणून का लिहितो? २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चोपन्न रक्तक्षयी आढळल्या. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण शंभरात एकोणसत्तरच्या घरात आहे. या सगळ्याचे खापर चहावर फोडणारा मी वेडा नाही. मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव, जंत, लागोपाठची बाळंतपणे, आणि घरात सर्वांत शेवटी उरलेसुरले जेवणारी बाई, ही खरी कारणे आहेत. पण ज्या ताटात आधीच लोह कमी आहे, त्या ताटावर वरून चहा ओतायचा, हे तरी आपल्या हातात आहे ना! लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व याच्या नेमके उलट काम करते, लोह शोषायला मदत करते. संत्र्याच्या शहरात राहून आपण जेवणानंतर संत्रे न खाता चहा घेतो.

आणि मुलांना चहा-पोळीची न्याहारी? ती बंद करा. शाळेत जाणाऱ्या पोराला सकाळी सातला कपभर चहात पोळी बुडवून देणे म्हणजे पोळीतले असेल-नसेल ते लोह चहाच्या ताब्यात देणे. त्याला दूध-पोळी द्या, पोहे द्या, त्यावर लिंबू पिळा, भिजवलेले शेंगदाणे द्या. "थोडासाच देतो, दुधाचाच असतो" हे मी फार ऐकले आहे.

एक इशारा द्यायलाच हवा. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक पुष्कळ आहेत. पांढरी पापणी दिसली म्हणून स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. आधी रक्त तपासा, त्यात सिकलसेलची चाचणीही करून घ्या. ज्यांच्या शरीरात लोह जास्त साठते अशा थॅलेसेमियाच्या काही रुग्णांना तर डॉक्टर मुद्दाम जेवणासोबत चहा घ्यायला सांगतात. एकाला जे वर्ज्य, ते दुसऱ्याला पथ्य.

साखरेचा हिशेब राहिलाच. कपाला दोन चमचे धरले तर सहा कपांत बारा चमचे, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. महिन्याला एका माणसाच्या पोटात फक्त चहातून दीड किलोच्या वर साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरची साखर पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. अलीकडे गुळाच्या चहाच्या दुकानांची लाट आली आहे. फलकावर 'आरोग्यदायी' लिहिलेले असते आणि मधुमेही माणूस तेथे निर्धास्तपणे दोन कप घेतो. गूळ ही साखरच आहे, रक्तातली साखर वाढवण्यात तो मागे नाही. त्यात लोह असते म्हणावे, तर जे थोडेसे असते त्यावर चहा बसलेलाच आहे. गुळाचा चहा चवीसाठी अवश्य प्या, औषध म्हणून पिऊ नका.

त्या बाईंचे पुढे काय झाले ते सांगतो. सिकलसेलची चाचणी केली, ती नकारार्थी आली. जंताचे औषध दिले. पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. गोळी तीच ठेवली, फक्त वेळ बदलली. दुपारी साडेअकराला लिंबूपाण्याबरोबर, चहापासून दोन तास दूर. चहा सहाचे तीन कप झाले, सकाळी सातला, साडेनऊला आणि दुपारी चारला. दुपारी टोस्टऐवजी भाकर-वरण. मशीन बंद करून, बसून.

दिवाळीनंतर त्या आल्या तेव्हा हिमोग्लोबिन १०.९ होते. बाई खूश होत्या, पण एक कुरबूर घेऊन आल्या होत्या. "ह्यांना नवीन चहा पटून नाही राहिला जी. म्हणतात रंग नाही." मी त्यांना पत्ती अर्धा चमचा वाढवायला सांगितली आणि झाकण चार मिनिटे काढू नका म्हटले. गोळ्या अजून तीन महिने चालू ठेवायच्या आहेत, संक्रांतीनंतर पुन्हा रक्त तपासू.